आईला न मिळालेली गोळी

१९८६ सालची गोष्ट. आईला अंडाशयाचा कर्करोग झाला तेव्हा मी कॉलेजात होते. बेळगावहून रात्रीच्या गाडीने जायचं, सिसप्लॅटिनची सलाईन घेऊन परतायचं. पुढचे दोन-तीन दिवस घोटभर पाणी पोटात ठरत नसे. तिसऱ्या खेपेनंतर आईने हात जोडले, "आता पुरे गं." ती गेल्यावर घरात एकच बोलणं, "मन घट्ट करायला हवं होतं." दशलक्षणात दहा-दहा उपवास करणारी बाई मनाने कच्ची कशी? हे कोडं मला तीस वर्षं सुटलं नाही.

२०१७ साली माझ्या स्तनात गाठ निघाली. माझीही केमो सुरू झाली. पण सलाईनआधीच सिस्टरने उलटी रोखणारं औषध दिलं. मळमळ झाली, पण जेवण पोटात राहिलं. मग मी या औषधांचा इतिहास वाचायला घेतला.

केमोचा जन्म विषारी वायूतून झाला. मस्टर्ड वायूने रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात, हे लक्षात आल्यावर १९४२ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात गुडमन आणि गिलमन यांनी त्याच जातीचं रसायन कर्करोगाच्या रुग्णाला दिलं. सिसप्लॅटिन प्लॅटिनम धातूपासून बनतं. त्याला अमेरिकेत १९७८ मध्ये मान्यता मिळाली. ही औषधं भराभर वाढणाऱ्या पेशींवर तुटून पडतात. कर्करोगाच्या पेशी तशाच, पण केसांची मुळं आणि तोंडा-आतड्याचं अस्तरही तसंच. म्हणून केस जातात, तोंड येतं.

आणि उलटी? औषधाने दुखावलेल्या आतड्यातून सेरोटोनिन सुटतं आणि नसांवाटे मेंदूला उलटीचा निरोप जातो. हा निरोप अडवणाऱ्या ऑन्डान्सेट्रॉनला अमेरिकेत मान्यता मिळाली १९९१ मध्ये. आईची केमो सुटल्यानंतर पाच वर्षांनी! तोवर जी औषधं होती, ती सिसप्लॅटिनपुढे बऱ्याचदा अपुरी पडत.

ती ओळ वाचून मी पुस्तक मिटलं आणि खूप रडले. आई सोसण्यात कमी पडली नव्हती. तिच्यासाठी औषधच तयार झालं नव्हतं.

मैत्रिणींनो, आपल्यात सोसण्याचं फार कौतुक. मीही पहिल्या खेपेला चुकले. रात्रीची गोळी होती, आणि सूर्यास्तानंतर पाणी न घेण्याचा माझा नियम. गोळी टाळली आणि पहाटेपर्यंत ओकत बसले. सकाळी सासूबाई म्हणाल्या, "अगं, नियम घेताना आजारपणातल्या औषधाची सूट ठेवतातच की! ही गोळी काय जिभेच्या चवीसाठी आहे?" दुसऱ्या खेपेपासून त्या स्वतः रात्री उकळलेल्या पाण्याचा तांब्या आणि गोळी घेऊन उशाशी येत.

उपवासात आपण अन्न आपणहून सोडतो. केमोच्या उलटीत ते आपल्याला सोडून जातं. त्याला तप म्हणू नका. किती वेळा उलटी झाली, पाणी ठरतंय का, ते वहीत लिहा, डॉक्टरांना दाखवा. एक औषध लागू पडलं नाही तर दुसरं असतं.

परवा मोठ्या आत्याबाईंकडे गेले होते. आईचा विषय निघाला. त्या तेच जुनं वाक्य बोलू लागल्या. मी त्यांचा हात धरला आणि १९९१ सालची गोष्ट सांगितली. आत्याबाई कितीतरी वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आम्ही तिला उगीच बोललो गं."