कोड चुकला नव्हता, प्रश्न चुकला होता : जालन्याच्या लोकसंख्येची गोष्ट

माझा विषय मराठवाड्यातलं स्थलांतर. त्यासाठी १९५१ ते २०११ या जनगणनांचे तक्ते एकत्र जोडायचे होते. हे हाताने होणारं काम नव्हतं, म्हणून सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या एका मित्राला गाठलं. त्याला सांगितलं, "जिल्ह्याचं आणि तालुक्याचं नाव जुळवायचं आणि दर दशकाची वाढ-घट काढायची." आठवड्याभरात आलेख तयार!

आलेख पाहिले तर सुरुवातीच्या दशकांत जालना जिल्हाच गायब. मी लगेच मेसेज टाकला, "तुझा कोड चुकलाय." मात्र त्याच आलेखांत अंबड तालुक्याची लोकसंख्या २००१ पर्यंत चांगलीच घसरलेली दिसत होती. त्याबद्दल मी अवाक्षर काढलं नाही. उलट खूश झाले. दुष्काळ, ऊसतोड, माणसं गाव सोडून जातात हे माझं गृहीतक होतं आणि त्याला आयता पुरावा मिळाला होता. प्रकरणाच्या कच्च्या मसुद्यात दोन परिच्छेद लिहूनही टाकले.

मित्राचं उत्तर आलं, "जालना चुकलंय म्हणतेस, मग अंबड बरोबर कशावरून? दोन्ही एकाच कोडमधून आलेत."

प्रश्न साधा होता, पण त्याचं उत्तर कोडमध्ये नव्हतं, इतिहासात होतं.

जालना पूर्वी हैदराबाद संस्थानात होतं. १७ सप्टेंबर १९४८ नंतर ते भारतात आलं, १ नोव्हेंबर १९५६ ला द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. या सगळ्या काळात जालना हा औरंगाबाद जिल्ह्यातला एक तालुका होता. वेगळा जिल्हा झाला १ मे १९८१ ला. औरंगाबादचे जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद आणि परभणीचा परतूर असे पाच तालुके त्यात आले. आता गंमत बघा. १९८१ च्या जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च होती. म्हणजे माणसं मोजली तेव्हा हा जिल्हा अस्तित्वातच नव्हता.

पुढे पाचाचे आठ तालुके झाले. मंठा, बदनापूर आणि घनसावंगी नव्याने आले. त्यातला घनसावंगी निघाला तो अंबडमधून. म्हणजे माझ्या 'स्थलांतरितां'पैकी बरीच माणसं आपल्याच घरात बसून होती. फक्त त्यांचा तालुका बदलला होता! परभणीचंही तसंच. १ मे १९९९ ला हिंगोली वेगळा झाला आणि परभणीचा आकडा खाली आला. जिल्ह्याची एकूण लोकसंख्या मात्र २००१ मधल्या १६,१२,९८० वरून २०११ मध्ये १९,५९,०४६ झाली होती.

कोडने मी सांगितलं तेच केलं होतं. 'नाव तेच म्हणजे जागा तीच' हे गृहीतक माझं होतं. मी ते बोलून दाखवलं नव्हतं, कारण ते गृहीतक आहे हेच मला माहीत नव्हतं. मग आम्ही दोघांनी शेजारी बसून तालुक्यांची वंशावळ तयार केली : कोणत्या तारखेला, कशातून काय निघालं. शेवटी तुलना गावपातळीवर नेली. माझे दोन परिच्छेद अर्थातच गेले.

कधीकधी कोड खरंच चुकतो. अमेरिकेतले जेफ्री चँग प्रथिनांच्या रचनेवर काम करायचे. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या एका प्रोग्रॅममध्ये आकड्यांचे दोन स्तंभ उलटे झाले होते. त्यावरून काढलेली रचना वर्षानुवर्षं खरी मानली गेली. दुसऱ्या गटाने वेगळी रचना प्रसिद्ध केली तेव्हा चूक उघड झाली आणि २००६ पासून त्यांना पाच निबंध मागे घ्यावे लागले. तिथे चूक कोडची, इथे माझी. पण दोन्हीकडे मनासारखं उत्तर मिळालं आणि तपासणी तिथेच थांबली.

आता निजामकाळातल्या फसली सनाच्या नोंदींचं काम सुरू आहे. या वेळी नियम सांगण्याआधी मी दोन नोंदी हाताने सोडवून मित्राला दिल्या. फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला बदलायचं. त्यामुळे आजूर १३४० म्हणजे ऑक्टोबर १९३०, इथे ५९० मिळवायचे. पण तीर १३४० म्हणजे मे १९३१, इथे ५९१. नुसतं "५९० मिळव" असं सांगितलं असतं, तर जानेवारीनंतरच्या सगळ्या नोंदी एक वर्ष मागे गेल्या असत्या आणि आलेख तरीही छान दिसला असता.

तुम्ही डेव्हलपरबरोबर काम करणार असाल तर एवढंच करा. कोड चालवण्याआधी तुमची अपेक्षा कागदावर लिहा आणि हाताने सोडवलेली दोन-तीन उदाहरणं त्याला द्या. निकाल अपेक्षेपेक्षा वेगळा आला तर दोघं मिळून एकच नोंद सुरुवातीपासून शेवटपर्यंत तपासा. आणि निकाल अगदी मनासारखा आला, तर त्या दिवशी नक्की तपासा.