आरोपीचा वकील आणि लोकांचे मत

१२ जानेवारी १९३१ ही तारीख सोलापूरकरांना सांगायला नको. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन यांना त्या दिवशी येरवड्यात फाशी झाली. आरोप पोलिसांच्या खुनाचा. फिर्यादी खुद्द सरकार. अशा खटल्यात गरीब आरोपीला वकील द्यायचा कोणी?

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला असा वकील लोकच मते देऊन निवडतात. सोलापूर तेव्हा आरोपींच्या बाजूचे होते. निवडून आलेला वकील सरकारला भ्याला नसता. पण गावच आरोपीवर खवळले तर? तो मते मागणार कोणत्या तोंडाने?

आपल्याकडे १९८७ च्या कायद्यान्वये विधिसेवा प्राधिकरण वकील नेमते, निवडणूक नाही. मात्र नेमा की निवडा, तो सरकारचा मिंधा नको, तसा गर्दीचाही नको.