काजी, हज्जान आणि मुकादम : बेने इस्रायलांच्या धर्मनेतृत्वाची कुळकथा

कोकणातल्या बेने इस्रायल समाजाने आपला यहुदी धर्म शतकानुशतके रब्बीशिवाय सांभाळला. रब्बी म्हणजे यहुदी धर्मशास्त्राचे रीतसर अध्ययन करून निर्णय देण्याचा अधिकार मिळवलेला पंडित. असा पंडित नसला तरी नित्याचा धर्म अडत नाही. सामुदायिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष पुरतात. सुंता, लग्न आणि शास्त्राप्रमाणे जनावर कापणे ही कामे जाणता माणूस करू शकतो. घटस्फोट कायदेशीर ठरवणे आणि कुळाविषयीच्या शंकांचा निवाडा करणे यासाठी मात्र शास्त्रज्ञांचे न्यायपीठ लागते. बेने इस्रायलांच्या धर्मव्यवस्थेचे बळ आणि तिची अडचण, दोन्ही या फरकात सामावलेली आहेत.

समाजाच्या परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. त्यांचे वंशज कुलाबा जिल्ह्यातल्या गावांत पसरले, तेलाचे घाणे चालवू लागले आणि किहीमचे किहीमकर, दिवेआगरचे दिवेकर, पेणचे पेणकर झाले. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून शेजारी त्यांना शनवार तेली म्हणत. हिब्रू भाषा आणि धर्मग्रंथ विस्मरणात गेले. आठव्या दिवशीची सुंता, शनिवारचा विसावा, खाण्यापिण्याचे काही नियम आणि ‘शमा’ ही एकेश्वराची घोषणा एवढे टिकले. जन्म, लग्न, मृत्यू, कोणताही प्रसंग असो, शमाच म्हटली जाई.

पहिली नेतृत्वव्यवस्था दावीद रहाबी या नावाशी जोडलेली आहे. परंपरा सांगते की, या पाहुण्याने परीक्षा म्हणून घरातल्या बायकांपुढे निरनिराळे मासे ठेवले. पर आणि खवले असलेले मासे तेवढे त्यांनी वेगळे काढले, तेव्हा हे लोक यहुदी असल्याची त्याची खात्री पटली. तो नेमका कधी आला याविषयी मतभेद आहेत. अनेक अभ्यासक त्याचा संबंध कोचीनच्या अठराव्या शतकातल्या रहाबी घराण्याशी लावतात. त्या घराण्यातल्या एझिकेल रहाबीने १७६८ मध्ये हॉलंडला धाडलेल्या पत्रात कोकणातल्या या लोकांचा उल्लेख आहे. दावीद रहाबीने झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या तीन घराण्यांतली माणसे निवडून त्यांना प्रार्थना व विधी शिकवले. तेच पुढे काजी म्हणून ओळखले जाऊ लागले. हे नाव आसपासच्या मुसलमानी रिवाजातून आले. काजी गावोगाव फिरत, सुंता करत, लग्ने लावत आणि तंटे तोडत. पद बापाकडून मुलाकडे जाई. विखुरलेल्या घरांसाठी ही फिरती व्यवस्था सोयीची होती.

अठराव्या शतकात अनेक कुटुंबे मुंबईत आली, कंपनी सरकारच्या पलटणीत भरती झाली आणि व्यवस्थाही बदलली. सामाजी हसाजी ऊर्फ शमुएल एझिकेल दिवेकर हे पलटणीतले अधिकारी टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटून आले आणि त्यांनी १७९६ मध्ये मुंबईत बेने इस्रायलांचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. ‘शाआर हारहमीम’, म्हणजे दयेचे द्वार, हे त्याचे नाव. लोकांच्या तोंडी मात्र ती मशीदच होती. मंदिर उभे राहिले, पण त्यासाठी तोराच्या, म्हणजे यहुदी धर्मग्रंथाच्या, गुंडाळ्या हव्या होत्या. त्या आणण्यासाठी दिवेकर कोचीनला गेले आणि १७९७ मध्ये तिथेच वारले.

मंदिर म्हटले की हिब्रू सुरात पठण करणारा हज्जान हवा, आणि तो तयार करायला शिक्षक हवेत. १८२६ पासून कोचीनचे यहुदी शिक्षक मुंबईत येऊ लागले. त्यांच्यातले शेलोमो सालेम शुर्राबी वर्षाला अवघ्या १०० रुपयांवर हज्जानाचे काम करत आणि जोडीला पुस्तकबांधणीही करत. १८५६ मध्ये त्यांचे निधन झाले. १८४० च्या दशकात रेवदंडा, अलिबाग आणि पनवेल इथेही मंदिरे झाली, आणि हज्जान हाच गावचा शिक्षक व धर्मकार्याचा माणूस झाला. येमेनहूनही काही हज्जान आले.

ज्ञान असे बाहेरून आले, तरी समाजाने ते मराठीत रुजवले. मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले. १८४६ मध्ये वल्हांडणाच्या सणाची पोथी, ‘हगादा’, हिब्रू आणि मराठीत मुंबईत शिळाछापावर निघाली. १८७४ च्या पुणे आवृत्तीत तर सणाची बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका लुगड्यात दिसतात. जोसेफ एझिकेल राजपूरकर यांनी प्रार्थनांची मराठी भाषांतरे केली. हिब्रू न येणाऱ्यालाही आता विधीचा अर्थ कळू लागला.

शहरात काजीचा अधिकार ओसरला. मंदिराचा कारभार पंचांकडे गेला. मुकादम प्रमुख, गब्बाई खजिनदार आणि शमाश सेवेकरी अशी पदे रूढ झाली. धर्मकार्य हज्जानाकडे आणि शिस्त मुकादमाकडे, अशी वाटणी झाली. शास्त्रार्थाचा निर्णय देणारे पीठ मात्र या रचनेत नव्हते.

ही उणीव बाहेरच्या यहुद्यांनी बोट ठेवण्याची जागा ठरली. बगदादहून आलेल्या काही यहुद्यांनी १८३६ मध्ये मुंबईच्या सामाईक दफनभूमीत भिंत घालून मागितली. बेने इस्रायलांच्या घटस्फोटांना शास्त्रसंमत पत्र नसते आणि विधवांच्या पुनर्विवाहात शास्त्रोक्त विधी होत नाहीत, मग पुढच्या संततीचे काय, असा आक्षेप होता.

इस्रायल स्थापन झाल्यावर हजारो जण तिकडे गेले. तिथे लग्ने रब्बींच्या हाती असल्याने हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. प्रधान रब्बीपीठाने १९६१ मध्ये त्यांच्याशी विवाह मान्य केला, पण १९६२ च्या सूचनांनुसार आईच्या बाजूच्या पिढ्यांची आणि घटस्फोटांची चौकशी सक्तीची झाली. इतर यहुद्यांकडून असे दाखले मागितले जात नव्हते. निदर्शने आणि धरणे झाल्यावर १७ ऑगस्ट १९६४ रोजी इस्रायलच्या संसदेने, क्नेसेटने, बेने इस्रायल सर्वार्थाने यहुदी असल्याचे जाहीर केले. पंधरवड्याने रब्बीपीठाने सूचनांतून समाजाचे नाव काढले आणि ज्यांच्या कुळाविषयी शंका असेल अशा कोणालाही लागू होईल असा मजकूर घातला.

या समाजाला धर्मशिक्षण देणारे अनेक जण बाहेरून आले, पण त्याच्या वतीने धर्म चालवला काजी, हज्जान आणि मुकादम यांनीच. १९६४ च्या निर्णयाने बेने इस्रायलांना नवा दर्जा दिला नाही. त्यांच्या घरांत आणि मंदिरांत आधीपासून जगला जात असलेला धर्म त्याने मान्य केला.