अमर कहाणीतली परिचारिका

निलंग्याहून सोलापूर फार दूर नाही. तेथील डॉ. द्वारकानाथ कोटणीस आमच्या विद्यार्थ्यांना ऐकून का होईना ठाऊक असतात. ग्वो छिंगलान हे नाव मात्र वर्गात उच्चारले की सारे एकमेकांकडे पाहू लागतात.

जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या चीनच्या मदतीसाठी १९३८ साली राष्ट्रीय सभेने पाच डॉक्टरांचे पथक पाठविले. त्यांपैकी कोटणीस परतले नाहीत. जानेवारी १९४१ मध्ये ते बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले. छिंगलान तेथील वैद्यकीय विद्यालयात परिचर्या शिकवीत. त्याच वर्षी दोघांचा विवाह झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. मूल चार महिन्यांचेही नव्हते, तोच ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराने कोटणीस गेले. वय अवघे बत्तीस.

व्ही. शांताराम यांनी १९४६ साली ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ पडद्यावर आणली. कोटणीस स्वतः शांताराम झाले, चिंग लान जयश्रीबाई झाल्या. कहाणी कोणाची, हे शीर्षकच सांगते. त्यात आक्षेपार्ह काही नाही. परंतु कोटणिसांनी सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्याचे आपण अभिमानाने सांगतो, तेव्हा त्या तासांत हत्यारे कोणी उकळली, जखमा कोणी धुतल्या, असे विचारतो का?

आमच्या मते प्रश्न केवळ उपेक्षेचा नाही. आपल्या चरित्रवाङ्मयाला त्याग दिसतो तो मृत्यूत. मागे उरून काम करीत राहणे त्याला कथा वाटत नाही. छिंगलान पतीनंतर सत्तर वर्षे जगल्या. वैद्यकाचे शिक्षण घेणारा यिनहुआ ऐन तारुण्यात गेला, तेही त्यांनी सोसले. कोटणीस कुटुंबाला भेटायला त्या भारतात अनेकदा आल्या. २०१२ साली दालियान येथे त्यांचे निधन झाले. या सत्तर वर्षांना आपल्या ‘अमर कहाणी’त जागा नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरली, तेव्हा आम्ही शाळेत होतो. आमच्याकडे अजूनही त्या दिवसांच्या गोष्टी निघतात. त्यांत तंबूतल्या डॉक्टरांची नावे येतात आणि ‘ती सिस्टर’ येते. तिचे नाव कोणी विचारले नव्हते.