समुद्रातून परतलेल्या नोटा आणि डागाची किंमत (थ्रेड)

१/
२ जुलै १९१८. लंडनहून मुंबईकडे निघालेले ‘शिराला’ हे जहाज जर्मन पाणबुडीने इंग्लिश खाडीत बुडवले. जहाजावर हिंदुस्थानासाठी छापलेल्या नोटांचे गठ्ठेही होते. त्यांत पाच व दहा रुपयांच्या, स्वाक्षरी न झालेल्या नोटा होत्या.

२/
बऱ्याच नोटा किनाऱ्याला लागल्या. त्यांतील बहुतेक सरकारने गोळा करून नष्ट केल्या. मोजक्या खासगी हातांत उरल्या. २५ मे १९१८ ही तारीख असलेल्या दहा रुपयांच्या दोन नोटा २०२४ मध्ये लंडनच्या लिलावात आल्या. त्यांची सुस्थिती पाहून लिलावगृहाने अंदाज बांधला, की त्या घट्ट बांधलेल्या गठ्ठ्याच्या मध्यभागी असाव्यात. खारे पाणी तिथवर पोहोचले नसावे.

३/
नोटेची प्रतवारी साधारणतः १ ते ७० गुणांच्या श्रेणीत होते. घडी, फाट, टाचणीची छिद्रे यांबरोबर डागही पाहिला जातो. तो केवढा, कुठे आणि किती गडद? कोऱ्या कडेवरील फिकट ठिपका आणि छापील चित्रावरचा शाईचा डाग यांना एकच माप लावले जात नाही. सर्वोच्च प्रतीत मात्र डागाला थारा नाही.

४/
प्रत्येक डागामागे एक कारण असते. दमट हवेत बुरशीमुळे तपकिरी ठिपके उमटतात. लक्ष्मीपूजनातील नोटेला हळद-कुंकू लागते. आपल्या बँका नोटांच्या गड्ड्या स्टेपल करीत; २००१ मध्ये रिझर्व्ह बँकेने ते थांबवण्याचा आदेश दिला. त्या काळातील छिद्रे प्रतवारीत ‘वितरणावेळचीच’ म्हणून समजून घेतली जातात; परंतु पिनेचा गंज कागदात पसरला, की तो वेगळा दोष ठरतो.

५/
खरी हानी पुढे होते. डाग काढण्यासाठी नोट धुतली जाते, मग दाबून सपाट केली जाते. त्यात कागदाचा मूळ कडकपणा जातो, छपाईचा उठाव बसतो, रंग विटतात. आधुनिक साबणांतील चमक आणणारी द्रव्ये अतिनील दिव्याखाली निळसर उजळतात आणि लबाडी उघडी पडते. अशा नोटेला कागदाच्या अस्सलपणाचा शेरा मिळत नाही. डाग असलेली नोट प्रामाणिक असते. धुतलेली नोट संशयित ठरते.

६/
अभिलेखागारात काम करणाऱ्याला हा न्याय ओळखीचा वाटेल. कागदावरील तेलाचा थेंब, हळदीचे बोट, गंजाची खूण हा त्या कागदाच्या प्रवासाचा पुरावा असतो. बाजार त्या पुराव्याचे गुण कापतो, हे खरे. पण तो पुसणाऱ्याचे गुण अधिक कापतो. या एका मुद्द्यावर संग्राहक आणि इतिहासकार यांचे एकमत आहे.

७/
तेव्हा घरच्या ट्रंकेत एखादी डागाळलेली जुनी नोट सापडली, तर तिला पाणी, खोडरबर, इस्त्री यांपासून दूर ठेवा. आम्लरहित कागदात, कोरड्या व अंधाऱ्या जागी जपा. तिच्यावर गेलेला काळ कोणत्याही साबणाने परत आणता येत नाही. त्याची खूण मात्र एका धुण्यात कायमची नाहीशी होते.