वीस टक्के कशाचे?

आमच्या जिमच्या वरच्या मजल्यावर झुंबाची खोली आहे. रात्री साडेनऊनंतर ती रिकामी असते. मागच्या पावसाळ्यात मी जवळजवळ रोज तिथे उभी राहून एका मैत्रिणीला मोठ्या आवाजात सांगायचे, "क्वार्टर टर्न टू द राइट!" ती स्पर्धेची तयारी करत होती आणि हुकूम सोडायला तिला कोणीतरी हवं होतं. पारदर्शक उंच टाचांचे सँडल घालून ती काटकोनात वळायची, थांबायची, हसायची. मी पुन्हा ओरडायचे. चार वळणं झाली की एक फेरी पूर्ण.

पहिल्याच दिवशी मी विचारलं, "दंड कधी दाखवायचे?"

"फिगरमध्ये दंड नाही दाखवत."

दोन वर्षं घाम गाळून कमावलेले दंड. स्पर्धा शरीरसौष्ठवाची. आणि त्यात बेटकुळी काढून दाखवायची नाही! दिवसभर मी दुसऱ्यांनी लिहिलेला जुना कोड वाचते. त्यात असं काही विचित्र दिसलं की मी आधी बघते, हे कधी घुसवलं आणि कुठली अडचण मिटवायला? इथेही तेच केलं.

मुळात फिगर म्हणजे काय, ते आधी सांगते. टू-पीस, उंच टाचा, केस मोकळे, मेकअप, अंगावर गडद टॅनचा थर. मंचावर एका ओळीत उभं राहायचं आणि समोरून, एका बाजूने, पाठमोरं, दुसऱ्या बाजूने स्वतःला दाखवायचं. या उभं राहण्याला 'रिलॅक्स्ड' म्हणतात, पण त्यात काहीही सैल नसतं. पाठीचे स्नायू पंखांसारखे पसरलेले, पोट आत, मांड्या ताठ, आणि चेहऱ्यावर मात्र बसस्टॉपवर मैत्रीण भेटल्यासारखं हसू. परीक्षक खांद्यांची गोलाई, रुंद खांद्यांकडून बारीक कमरेकडे येणारा उतार, मांडीचा बाक, आणि हे सगळं एकमेकांत किती बसतंय ते बघतात. स्नायू हवा, पण त्यावरच्या रेघा फार खोल नकोत. त्वचा, आत्मविश्वास, वावर हेही जमेस धरलं जातं.

आता सुरुवातीकडे. पुरुषांच्या स्पर्धांच्या जोडीला बायकांच्या स्पर्धा अमेरिकेत आधीपासून होत, पण त्या खऱ्या अर्थाने सौंदर्यस्पर्धाच होत्या. नोव्हेंबर १९७७मध्ये ओहायो राज्यातल्या कँटन गावात हेन्री मॅक्गी यांनी बायकांची एक स्पर्धा घेतली आणि तिचं परीक्षण शरीरसौष्ठव म्हणूनच केलं. १९८०मध्ये फिलाडेल्फियात पहिली मिस ऑलिंपिया झाली, ती रेचल मॅक्लिशने जिंकली. त्या काळात स्पर्धक टाचांचे बूट घालत, मूठ क्वचितच आवळत, आणि डबल बायसेप्ससारख्या पुरुषी समजल्या जाणाऱ्या पोझना परवानगी नव्हती. थोडक्यात, माझी मैत्रीण आज जे करते त्याच्या बरंच जवळचं. म्हणजे फिगर ही नवी कल्पना नाही. चाळीसेक वर्षांपूर्वी सोडून दिलेल्या जागेवर पुन्हा येऊन उभं राहणं आहे. मधल्या काळात काय घडलं ते मात्र ऐकण्यासारखं आहे.

मधे बेव्ह फ्रान्सिस घडली.

बेव्ह ऑस्ट्रेलियाची, पॉवरलिफ्टिंगमधली जगज्जेती. १९८३मध्ये लास वेगासला सीझर्स पॅलेसमध्ये झालेल्या स्पर्धेत ती उतरली. जॉर्ज बटलरने या स्पर्धेवर 'पंपिंग आयर्न २: द विमेन' हा माहितीपट केला, तो १९८५मध्ये आला. जमलं तर बघाच. बेव्ह मंचावर येते तेव्हा बाकीच्या स्पर्धक एका खेळातल्या आणि ती दुसऱ्याच खेळातली वाटते. पाठ, मांड्या, छाती, कुठेही बोट ठेवायला जागा नाही. पण पटाचा खरा नाट्यमय भाग मंचावर नाही, परीक्षकांच्या बैठकीत आहे. संघटनेचे अध्यक्ष बेन वायडर तिथे समजावून सांगतायत की स्त्रीसुलभ सौंदर्यही बघायचं आहे. एक परीक्षक अडतो. त्याचा मुद्दा असा, की बायकांनी स्की करताना अमुक वेगाच्या पुढे जायचं नाही असं कोणी सांगतं का? त्याला समाधानकारक उत्तर मिळत नाही. स्पर्धा कार्ला डनलॅप जिंकते, जिचं शरीर दोन टोकांच्या मधलं होतं. मॅक्लिश तिसरी. बेव्ह आठवी.

हे 'मधलं' मला बरेच दिवस छळत होतं, कारण ते नुसतं आवडीनिवडीचं नाही. गुण मोजायच्या पद्धतीतच ते बसलेलं आहे. फिगरमध्ये परीक्षक गुण देत नाहीत, क्रमांक देतात. पहिली, दुसरी, तिसरी. मग प्रत्येक स्पर्धकाचा सर्वात चांगला आणि सर्वात वाईट क्रमांक वगळतात आणि उरलेल्यांची बेरीज करतात. जिची बेरीज सर्वात कमी, ती विजेती. पक्षपाती परीक्षकाला आवर घालायला ही युक्ती चांगली आहे. आता समजा पाच परीक्षक आहेत. एका दणकट मुलीला तिघांनी पहिली ठरवलं, दोघांना ती अजिबात पटली नाही म्हणून पाचवी. तिचे क्रमांक १, १, १, ५, ५. एक १ आणि एक ५ गेला, उरली बेरीज ७. दुसरीला पाचही जणांनी दुसरी ठरवलं. दोन क्रमांक वगळून तिची बेरीज ६. दुसरी पुढे. पाचपैकी तिघांचं मत पहिलीच सर्वोत्तम, आणि हिला एकानेही पहिला क्रमांक दिलेला नाही. तरीही ही पुढे. शिवाय क्रमांकातून अंतर कळत नाही. पहिली दुसरीपेक्षा केसभर पुढे होती की कोसभर, कागदावर सारखंच. अशा गणितात भारावून टाकणाऱ्या शरीरापेक्षा कोणालाच न खटकणारं शरीर फायद्यात राहतं. कोणी दुष्टपणा करायचीही गरज नाही.

तरीही स्नायू वाढतच गेले. १९८४ ते १९८९ अशी सलग सहा वर्षं कोरी एव्हर्सन जिंकली, मग लेंडा मरे आली. १९९१मध्ये बेव्ह फ्रान्सिस पुन्हा पूर्ण ताकदीनिशी उतरली आणि लेंडाकडून फक्त एका गुणाने हरली. लगेच पुढच्या वर्षी, १९९२मध्ये, संघटनेने परीक्षणाच्या नियमांत स्पर्धक फार मोठी नसावी अशा अर्थाचं कलम घातलं. त्यावर आरडाओरडा झाला. लेंडा तेव्हाही जिंकली. २०००मध्ये पत्र निघालं, की चेहरा, मेकअप, त्वचेचा पोत आणि निरोगी दिसणं हेही बघितलं जाईल. आणि डिसेंबर २००४मध्ये ते प्रसिद्ध पत्र आलं. सौंदर्य आणि आरोग्याच्या कारणास्तव बॉडीबिल्डिंग, फिटनेस आणि फिगर या तिन्ही गटांतल्या महिलांनी आपली मस्क्युलॅरिटी २० टक्क्यांनी कमी करावी.

हे वाचून मी ऑफिसात एकटीच हसले. कशाचे २० टक्के? किलोचे? दंडाच्या घेराचे? मस्क्युलॅरिटीला एककच नाही. माझ्याकडे कामाचं असं तिकीट आलं असतं तर मी ते 'माहिती अपुरी' म्हणून परत पाठवलं असतं. त्या बायकांना परत पाठवायची सोय नव्हती. त्यांना ते अंगावर उतरवून दाखवायचं होतं.

आरोग्याचा मुद्दा खोटा नव्हता, हेही सांगायला हवं. स्टिरॉइड्सचा वापर होता, आणि बायकांचा आवाज त्यामुळे एकदा घोगरा झाला की बहुतेक वेळा परत येत नाही. पण तीच काळजी पुरुषांच्या वाट्याला आली नाही. रॉनी कोलमन तेव्हा ऑलिंपिया जिंकत होता, आणि त्याला २० टक्के कमी कर असं पत्र गेलं नाही.

पत्रांनी जे साधलं नाही ते नव्या गटांनी साधलं. १९९५मध्ये ऑलिंपियात फिटनेस आलं, त्यात जिम्नॅस्टिक्ससारख्या कसरती. ज्यांना कसरती जमत नव्हत्या त्यांच्यासाठी, २००१च्या सुमारास, कसरती काढून उरलं ते फिगर. पहिली फिगर ऑलिंपिया २००३ची. ती आणि पुढच्या दोन्ही डॅव्हाना मेडिनाने जिंकल्या. मग फिगरवाल्याही दणकट होऊ लागल्या, तेव्हा २०१०मध्ये खाली बिकिनी गट आला. २०१३मध्ये बॉडीबिल्डिंग आणि फिगरच्या मधे विमेन्स फिजिक आला. त्यात अनवाणी उभं राहतात, डबल बायसेप्सही करतात, पण मूठ उघडी ठेवून. ती उघडी मूठ बघून मला थेट १९८० आठवतं. आणि २०१४मध्ये आयरिस काइलने दहावं विजेतेपद घेतलं त्याच वर्षी मिस ऑलिंपिया बंद केली गेली. २०२०मध्ये ऑलिंपियाचा मालक बदलला तेव्हा ती परत आली. दरम्यान सिडनी गिलनने २०१७ ते २०२३ सलग सात वेळा फिगर ऑलिंपिया जिंकली, आणि तिचे खांदे मेडिनाच्या फोटोंशेजारी ठेवून बघा. रेषा सरकलेली आहे. ती कुठे, हे नियमात नाही, विजेतीच्या शरीरात आहे. म्हणून तयारी करणाऱ्या मुली नियम वाचत नाहीत, मागच्या वर्षीचे फोटो बघतात.

हे सगळं मी इतक्या चिकाटीने का खणलं, तर गेल्या वर्षी चुलतभावाच्या लग्नात ब्लाऊजची बाही दंडात अडकली म्हणून. शिंप्याने शिवण उसवून दिली. काकू म्हणाली, "छान झालीयेस गं, पण आता एवढंच ठेव हं. याच्यावर नको." एवढंच म्हणजे किती, ते मी विचारलं नाही. काकूचं प्रेम खरं आहे आणि तिलाही आकडा माहीत नाही. पुढचे दोन आठवडे मी खांद्यांचे व्यायाम टाळले, हे मात्र खरं.

मैत्रिणीची स्पर्धा झाली. सहावी आली. नंतर परीक्षकांपैकी एकाने सांगितलं, की खांदे थोडे जास्तच कडक दिसतायत, जरा मऊ येऊ दे. त्याच्या आदल्या वर्षी, दुसऱ्या एका स्पर्धेत, तिला खांद्यांवर मांस कमी आहे असं सांगितलं होतं. तिने दोन्ही सूचना फोनमध्ये एकाखाली एक लिहून ठेवल्यात. मी म्हटलं, या दोन्हींची सरासरी काढून देऊ का? ती हसली नाही. सँडलचा पट्टा लावत म्हणाली, "तू फक्त टर्न सांग."