स्वभाव बदलतो तेव्हा: फिनियस गेजची गोष्ट

"डॉक्टर, सीटी स्कॅन नॉर्मल आला, मग हे असे का वागतात?" डोक्याला मार लागलेल्या रुग्णाची पत्नी हा प्रश्न बहुधा काही महिन्यांनी विचारते. जखम भरलेली असते, पण पूर्वीचा शांत माणूस आता भाजीत मीठ कमी पडले तरी ताट भिरकावतो. अशा वेळी मी फिनियस गेजची गोष्ट सांगतो.

१३ सप्टेंबर १८४८. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात रेल्वेसाठी खडक फोडण्याचे काम चालू होते. सुरुंगाची दारू ठासताना स्फोट झाला आणि सुमारे साडेतीन फूट लांब, ६ किलोची पहार २५ वर्षांच्या मुकादम गेजच्या डाव्या गालातून शिरून डोक्यातून आरपार गेली. गडी मेला नाही! बैलगाडीत बसून गावात आला, डॉक्टरांशी बोललासुद्धा. डावा डोळा गेला. चालणे-बोलणे, स्मरणशक्ती शाबूत राहिली. पण जबाबदार मुकादमाचा तापट, शिवराळ आणि लहरी माणूस झाला. कंपनीने त्याला परत घेतले नाही. उपचार करणाऱ्या डॉ. हार्लो यांनी १८६८ मध्ये हे सविस्तर लिहिले.

एक गोष्ट मात्र सांगायची राहून जाते. याच गेजने पुढे चिलीमध्ये काही वर्षे घोडागाडी हाकली. घोडे, प्रवासी, वेळापत्रक, सगळे सांभाळले! १८६० मध्ये तो फिट्स येऊन वारला.

पण गेजच्या मेंदूत भोक होते. स्कॅन नॉर्मल असलेल्यांचे काय? १९५६ मध्ये इंग्लंडमध्ये डॉ. सबिना स्ट्रिच यांनी कवटी न फुटलेल्या रुग्णांचे मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. चेतापेशींचे लांब तंतू जागोजागी तुटलेले होते. ते रुग्ण अतिगंभीर होते, पण कमी प्रमाणात हेच सौम्य इजेतही घडू शकते. डोके जोरात हिसकले की तंतू ताणले जातात, आत कॅल्शियम शिरते, रसद अडते, तंतू फुगतो आणि काही तासांनी तुटतो. सीटी स्कॅनला एवढे बारीक दिसत नाही.

राग-भीतीची घंटा वाजवतो अमिग्डाला नावाचा बदामाच्या आकाराचा भाग. तिला आवर घालतो कपाळामागचा मेंदू. मधल्या तारा तुटल्या की घंटा वाजतच राहते.

म्हणून पत्नीला मी सांगतो: राग कधी, कशाने येतो ते वहीत लिहा. झोप पुरी होऊ द्या, दारू पूर्ण बंद. आणि पुढच्या वेळी वही घेऊन दोघेही या.